एम-फाइव्ह बनवणाऱ्यांना जळगावच्या गॅरेजमधून खुलं पत्र

प्रति,
बीएमडब्ल्यूचा एम विभाग, म्युनिक
आणि कंपनीचं भारतातलं कार्यालय

महोदय,

जळगावच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. तीन लिफ्ट, सहा पोरं आणि भिंतीवर चिकटवलेला एक जुना कागद. भुसावळ स्टेशनच्या बुकस्टॉलवरून घेतलेल्या एका मासिकातून मी तो कापला होता. तुमच्या १९९८ च्या एम-फाइव्हचं चित्र. कागद पिवळा पडलाय, पण खालची अक्षरं अजून वाचता येतात: ४.९ लिटर, आठ सिलिंडर, ४०० घोडे. ही गाडी घ्यायची माझी ऐपत तेव्हाही नव्हती, आजही नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुमच्या गाड्या माझ्याकडे येतात त्या वॉरंटी संपल्यावर. सराफांच्या, दालमिलवाल्यांच्या, रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या. पहिल्या मालकाचं कौतुक तुम्हाला मिळतं, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या शिव्या मी खातो. त्या नात्याने लिहितोय.

निमित्त झालं भरीत पार्टीचं. थंडी पडली की आमच्याकडे मळ्यामळ्यांत वांगी भाजली जातात, आणि आमची गाडीवेडी मंडळीही असोद्याकडच्या एका मळ्यात दरवर्षी जमतात. आमच्यातल्या एकाकडे तुमची आधीची एम-फाइव्ह आहे, २०१८ ची. ती देऊन नवी घ्यायचं त्याच्या मनात घोळतंय. नवी म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आली ती, तेव्हा १ कोटी ९९ लाखांची, पेट्रोलही भरायची आणि प्लगही लावायची, म्हणजे प्लगवाली हायब्रीड. विषय निघाला आणि कपाशीच्या काड्यांचा जाळ विझला तरी वाद विझेना. एका गटाचं म्हणणं, एम-फाइव्हला वायर जोडली म्हणजे तिचं शील गेलं. दुसरा गट म्हणे, ७१७ बीएचपी मिळतात ना, मग पोटात काय घातलंय ते कशाला बघता? धुळ्याकडचे एक आप्पा इतका वेळ मुकाट कळण्याची भाकरी खात होते. ते मधेच म्हणाले, "मंग हाई गाडी भूक लागनी ते वीज खास नि तिस लागनी ते पेट्रोल पेस, आसं शे का?" म्हणजे भूक लागली की वीज खाते नि तहान लागली की पेट्रोल पिते, असं आहे का? सगळे हसले. मग तो मित्र माझ्याकडे वळला. म्हणाला, "बाकीच्यांचं सोड भो. गाडी शेवटी तुझ्याचकडे येणार. तू सांग, घेऊ का?"

मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं गाड्या उघडतोय, पण घे किंवा नको यातलं एकही तोंडातून निघेना. का निघेना, ते सांगण्यासाठी हे पत्र.

एक गैरसमज आधी काढून टाकतो. मला विजेचं वावडं नाही. माझे वडील भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये फिटर होते. मी आठवीत असताना आबांनी मला शेडमध्ये नेऊन ट्रॅक्शन मोटर दाखवली होती. म्हणाले होते, इंजिनाला आधी फेरे घ्यावे लागतात, मग त्याच्यात जोर येतो. मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यालाच असतो, म्हणून तर उभी मालगाडी हलते. तुम्ही गिअरबॉक्समध्ये जी १९७ पीएसची (पीएस म्हणजे तुमच्याकडचं घोडे मोजायचं माप) मोटर बसवलीत तिचं गणित तेच आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जागा होईपर्यंतची पोकळी ती भरून काढते. हे काम तुम्ही चांगलं केलंय आणि ते नाकारणारा माणूस एकतर गाडी चालवत नाही, नाहीतर भरीत जास्त झालेला असतो.

शील गेलं म्हणणाऱ्यांनाही मी त्या रात्री सांगितलं की ही रड नवी नाही. तुमची ५०७ पीएसची, दहा सिलिंडरची व्ही-टेन गेली आणि २०११ मध्ये टर्बोवाली, आठ सिलिंडरची व्ही-एट आली तेव्हा लोक रडले होते. त्याच गाडीत इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायची लबाडी तुम्ही सुरू केलीत, तेव्हाही रडले. ते मात्र बरोबर रडले. २०१७ मध्ये चारही चाकांना जोर दिलात तेव्हा पुन्हा तेच. आज हीच मंडळी त्या गाड्यांच्या आठवणी काढून उसासे टाकतात. शिवाय मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान गाड्यांच्या विभागाने सी-६३ मध्ये आठाचे चार सिलिंडर केले, दोन लिटरचं इंजिन ठेवलं. तीही भारतात त्याच नोव्हेंबरात आली. तुम्ही आठही सिलिंडर राखलेत, मागच्या दोन चाकांवर चालवायची सोय राखलीत. त्याबद्दल आभार, मनापासून.

आता तक्रारी.

पहिली वजनाची. नवी गाडी २,४३५ किलोची. आधीची साधारण १,९०० ची. म्हणजे पाच क्विंटलहून जास्त वाढ. आमच्याकडे क्विंटल म्हटलं की लगेच डोळ्यांसमोर माल उभा राहतो, म्हणून सांगतो: केळीचे वीस-पंचवीस घड गाडीत टाकून कायमचे विसरून गेल्यासारखं आहे हे. हे सगळं ओझं बॅटरीचं नाही, हे मला कळतं. गाडी १३ सेंटिमीटर लांबही झालीय, रुंदही झालीय. पण परिणाम बघा. मित्राच्या २०१८ च्या गाडीला ६०० पीएस आहेत आणि ती तुमच्याच आकड्याप्रमाणे शून्यापासून शंभरावर ३.४ सेकंदांत जाते. नवीला ७२७ पीएस, म्हणजे तेच ७१७ बीएचपी, आणि तिला ३.५ लागतात. सव्वाशे घोडे वाढवलेत आणि ते सगळे पेंढी ओढण्यात गेले. सरळ रस्त्यावर हे कळणार नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना, तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक दाबल्यावर कळेल. उतारावर मोटर ब्रेकचं काम करते आणि बॅटरी भरते, हे खरं. पण मालक तोरणमाळला मुक्कामी गेला, रात्री तिथे गाडी प्लगला लावून सकाळी भरल्या बॅटरीने उतरायला लागला, तर ती वीज जाणार कुठे? मग सगळा भार ब्रेकवर. पुढे २० इंची, मागे २१ इंची चाकं, स्टेपनी नाही, आणि त्या मापाचा टायर खानदेशात कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. चाक खड्ड्यात गेलं की जो दणका बसतो तो वजनाच्या हिशेबात बसतो. रस्ते सुधारणं तुमच्या हातात नाही, ते पत्र मी दुसरीकडे लिहीन.

दुसरी तक्रार आकड्यांची, आणि खरं सांगायचं तर रागाची जागा हीच आहे. गाडी आली तेव्हा युरोपात तिच्या कागदावर १०० किलोमीटरला १.६ ते १.७ लिटर पेट्रोल लिहिलं होतं. माझ्या पोरांना मी हा आकडा वाचून दाखवला तर एकाने विचारलं, "शेठ, टिंब चुकलं का?" टिंब चुकलेलं नाही. ती चाचणी असं धरून चालते की मालक रोज गाडी प्लगला लावणार आणि बराचसा प्रवास विजेवर करणार. कंपन्यांना असा आकडा का हवा असतो, तर तिकडे कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांच्या धुराची सरासरी ठरलेल्या मर्यादेत ठेवावी लागते, आणि ती ओलांडली तर प्रत्येक गाडीमागे, प्रत्येक ग्रॅमला ९५ युरो दंड. म्हणजे ती १८.६ युनिटची बॅटरी तुमच्या वकिलांचं, हिशेबनीसांचं काम हलकं करते आणि गाडीचं काम जड करते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची खरी माहिती तपासली तेव्हा अशा प्लगवाल्या गाड्यांचा धूर कागदापेक्षा सुमारे साडेतीनपट निघाला. चाचणीचा हिशेब कडक करायचं त्यांनी त्याआधीच ठरवलं होतं, तो २०२५ पासून लागू व्हायला लागला.

तिकडचा कायदा तुम्हाला पाळावा लागतो, मान्य. पण इथे आमच्या गळ्यात तेच ओझं आणि कारण सांगताना "पर्यावरण". इथे तर करातही फरक पडत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून एवढ्या मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी, मग ती हायब्रीड असो वा नुसती पेट्रोलची. ५ टक्क्यांचा सवलतीचा दर फक्त पूर्ण विजेवरच्या गाडीला. आणि जळगावात प्लगमधून जी वीज येते तिच्यामागे दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आहेत, भुसावळहून येताना त्या रोज दिसतात. साक्रीकडे शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही आहे, नाही असं नाही. माझ्या मित्राच्या बंगल्यावर सोलर आहे, थ्री-फेज आहे, त्याला चार्जिंगची अडचण नाही. पण तो रोज घरून दुकानात जातो, चार किलोमीटर. एम-फाइव्ह काढतो ती नाशिक-मुंबईला जायला. तुमचे ६७ ते ६९ विजेचे किलोमीटर जळगावहून निघाल्यावर पारोळ्याच्या थोडं पुढे संपतात. मुंबई तिथून साडेतीनशे किलोमीटर लांब. तेवढं सगळं अंतर ती बॅटरी मागच्या सीटवर झोपलेल्या पाहुण्यासारखी नुसती बसून येणार. मधूनमधून धक्का देईल, मान्य आहे. पण तेवढ्यासाठी ती एवढी मोठी लागते का? एएमजीने सी-६३ मध्ये ६.१ युनिटची छोटी बॅटरी घातली, विजेवर जेमतेम १३ किलोमीटर, नुसत्या जोरासाठी. ती गाडीही काही सडपातळ नाही, २,१०० किलोच्या वर आहे. पण निदान त्यांच्या हेतूत गोंधळ नाही.

तिसरी उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. दुपारी दोनला उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही. अशा गाडीत बॅटरी थंड ठेवायचं कामही एसीच्या यंत्रणेवर पडतं, आणि केबिनमधल्या चार माणसांनाही तीच लागते. इंजिन तापलेलं, बॅटरी तापलेली, पोरं मागून ओरडतायत. अशा वेळी गाडी आधी कोणाचं ऐकते? मोटरचा जोर किती कमी करते? हे मला छापील हवंय, शोरूममधल्या टायवाल्या मुलाच्या तोंडून नको. आणि जाता जाता पेट्रोलचं: जो माणूस खरंच शहरात विजेवरच फिरेल त्याच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्महिने पडून राहणार. आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं, इथेनॉल ओल धरतं. टाकी किती दिवसांनी रिकामी करावी, कुणी सांगत नाही.

चौथी तक्रार माझ्या पोटाची आहे.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याची प्लगवाली गाडी रस्त्यात बंद पडली. तुमची नव्हे, दुसऱ्या कंपनीची. नाव घेत नाही. मी टेंपो घेऊन गेलो. पडद्यावर एकच ओळ, हाय व्होल्टेज यंत्रणेत दोष, गाडी चालवू नका. इंजिन धडधाकट, टाकी भरलेली, बारा व्होल्टची बॅटरी मी नवी आणून जोडली, तरी गाडी ढिम्म. त्या गाडीत इंजिनला फेरा द्यायलासुद्धा तीच मोठी यंत्रणा लागत होती. नारिंगी केबलला, म्हणजे हाय व्होल्टेजच्या तारेला, मी हात लावला नाही. भीतीने नाही, आबांची शिकवण आहे: जी लाइन बंद झाल्याची खात्री नाही तिला हात लावायचा नाही. खात्री करायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे, आणि कंपनी ते माझ्यासारख्याला देत नाही. गाडी फ्लॅटबेडवर चढली आणि अडीचशे किलोमीटर लांबच्या शहरात गेली. केळीचा हंगाम तोंडावर, आणि गाडी परत आली त्रेचाळिसाव्या दिवशी. बिलावर शेवटी काय होतं? शीतकाच्या एका पंपाचा कनेक्टर. ओल शिरून गंजलेला. असे कनेक्टर मी दिवसाला चार बदलतो. फ्लॅटबेडचं भाडं त्या कनेक्टरच्या किमतीच्या कितीपट झालं ते मी त्या व्यापाऱ्याला मोजू दिलं नाही.

हे एकट्या माझं रडगाणं समजू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड लावला होता, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्या यादीत तुमचंही नाव होतं. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. तरी माझ्या गॅरेजमधल्या लिफ्टवर आजही तेच चित्र आहे: गाडी ग्राहकाची, चावी ग्राहकाची, पण कुलूप कंपनीचं. साध्या इंजिनाच्या काळात आम्ही खटपट करून, ऐकून, हुंगून वाट काढायचो. चारशे व्होल्टच्या आसपासच्या यंत्रणेत खटपट करून चालत नाही, माणूस जातो. म्हणून हायब्रीड आली की कुलूप आपोआप दुप्पट होतं. आणि तुम्ही ती आणताना या कुलपाचा एका शब्दाने उल्लेख केला नाहीत.

लहान शहरातले लोक महागड्या गाड्या घेत नाहीत, असं म्हणू नका. अजिंठ्याचा घाट ओलांडला की पलीकडे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. २०१० मध्ये तिथल्या लोकांनी एका झटक्यात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या आणि देशभरच्या पेपरांत फोटो आले होते. त्यातल्या काही पुढे विकल्या जाऊन घाट उतरून आमच्याकडे आल्या, आणि माझ्यासारख्यांच्या हातून आजही चालतायत. पंधरा वर्षांनी तुमची ही एम-फाइव्ह चालेल का? बॅटरीतला एक भाग खराब झाला तर तेवढाच बदलता येईल, की अख्खी पेटी घ्यावी लागेल? तिची किंमत तेव्हाच्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त निघाली, तर दोन कोटींची गाडी भंगारवाल्याकडे जाणार. आमच्याकडे ट्रॅक्टर तीस वर्षं चालवतात हो. इतक्या लवकर वस्तू टाकून द्यायची आम्हाला सवय नाही.

तेव्हा मागणं असं. हायब्रीड मागे घ्या असं मी म्हणत नाही. म्हणून उपयोगही नाही. पण भारतात विकताना ७१७ बीएचपी जितक्या मोठ्या अक्षरांत लिहिता तितक्याच मोठ्या अक्षरांत २,४३५ किलो लिहा, आणि बॅटरी संपल्यावर गाडी लिटरला किती देते तो आकडाही लिहा. ४५ अंशांत, एसी चालू ठेवून, चार माणसं बसवून गाडी तासभर दामटली की मोटर आणि बॅटरी काय करतात, ते तपासून जाहीर करा. चाचणीला जागा हवी असेल तर मे महिन्यात या, धुळे ते भुसावळ रस्ता मोकळाच असतो, त्या उन्हात दुसरं कोणी बाहेर पडत नाही. बॅटरीच्या सुट्या भागांची किंमत आणि ते सुटे मिळतील की नाही, हे गाडी विकायच्या आधी ग्राहकाला लेखी द्या.

आणि माझ्यासाठी, म्हणजे माझ्यासारख्या सगळ्यांसाठी: हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण बाहेरच्या मेकॅनिकला खुलं करा. फी घ्या, परीक्षा घ्या, नापास झालो तर नापास करा. २०१८ मध्ये तुम्ही 'स्किल नेक्स्ट' नावाने विद्यार्थ्यांना शिकायला इंजिनं आणि गिअरबॉक्स दिले होतेत, ते चांगलं काम होतं. तसंच एक जुनं हायब्रीडचं धूड धुळ्याच्या किंवा जळगावच्या आयटीआयला द्या. माझी सहाही पोरं संध्याकाळी जाऊन शिकतील. पास झालेल्याला यंत्रणा सुरक्षितपणे बंद करण्यापुरतं आणि दोष वाचण्यापुरतं सॉफ्टवेअर विकत द्या. बॅटरीची पेटी उघडायला मी मागत नाही. कनेक्टर बदलायला मागतोय.

मित्राची २०१८ ची गाडी आत्ता माझ्या दोन नंबरच्या लिफ्टवर आहे. पुढचे ब्रेक पॅड संपलेत, ऑइल बदलायचंय, बाकी गाडी ठणठणीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे नवं साल धरतात, सालदार म्हणजे शेतातले वर्षाचे गडी ठरतात, जुने हिशेब मिटतात, मोठी खरेदीही त्याच मुहूर्तावर होते. जुनी द्यायची की ठेवायची, हे त्याने तोवर लांबवलंय. परवा पुन्हा विचारत होता. मी सांगितलं, पत्र लिहिलंय, उत्तर आलं की सांगतो.

आपला,
एक गॅरेजवाला
जळगाव